काडतुसाचा लॉट कोण लिहून घेणार?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मुख्य आयुक्तांना खुले पत्र

मा. मुख्य आयुक्त,


परवाना असलेल्या माणसाने परवाना असलेल्या दुकानातून, रीतसर पावती घेऊन काडतुसं विकत घेतली. त्यातलं एक सदोष निघालं आणि त्याच्या रिव्हॉल्वरची नळी कायमची बाद झाली. त्याने दाद मागायची कुठे? हा प्रश्न देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दला माझ्या ओट्यावर आला. त्याचं उत्तर शोधत गेलो तेव्हा कायद्याची वाट आपल्या दारापर्यंत येते असं दिसलं, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. याची हिंदी प्रत टपालाने पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे छापायला दिलं, कारण महाराष्ट्रातही परवानाधारक कमी नाहीत, आणि देशातली काडतुसं बनवण्याचं मोठं काम खडकी आणि वरणगाव इथे पिढ्यान् पिढ्या मराठी हातांनी होत आलं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या कामगारांनाही हे पत्र वाचता यावं अशी इच्छा आहे.

मी सैन्याच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती शाखेत आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. जन्म देवासचा. आमचं घराणं इथल्या पवार राजांच्या थोरल्या पातीच्या चाकरीत या मुलखात आलं आणि इथलंच झालं. निवृत्तीनंतर शेतीपायी टोंकखुर्दला राहतो. माझ्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नाही, त्यामुळे कुणाच्या हत्याराचा एक स्क्रूही मी फिरवत नाही. लोक आणतात, मी बघतो आणि काय झालंय ते सांगतो.

सामान्य माणसाकडे बंदूक असावी की नसावी, हा वाद मला इथे घालायचा नाही. आमच्या माळव्यात ती आहे. शेतावरची एकटी घरं, मंडीतून रोकड घेऊन परतायची वाट, घराण्याचा जुना मान, अशी तिची कारणं निरनिराळी आहेत. सरकारने पोलिसांकडून चौकशी करून, कलेक्टरच्या सहीने ज्याच्या हातात ती दिली, तो काडतूस विकत घेताना ग्राहक आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

जे घडलं ते आधी सांगतो. दुकानाचं, कारखान्याचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही. एका काडतुसावरून कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं इतका पुरावा आमच्या हाती नाही, आणि तो का नाही हेच या पत्राचं कारण आहे.

आमच्याच तालुक्यातला एक शेतकरी, .३२ बोअरचा रिव्हॉल्वर बाळगणारा. सरावासाठी तो रेंजवर गेला होता. दोन बार नीट झाले. तिसऱ्याला आवाज दबका आला, हाताला धक्का जवळजवळ नाहीच. समोरच्या कागदावर भोक दिसलं नाही. नेम चुकला असं समजून त्याने पुन्हा चाप ओढला. हा बार मोठा झाला, मनगटाला हिसका बसला आणि नळीच्या तोंडातून नेहमीपेक्षा जास्त धूर आला. बोटं शाबूत राहिली ही ईश्वराची कृपा. पुढचे बार त्याने केले नाहीत आणि तिथेच थांबण्याचं शहाणपण दाखवलं.

माझ्याकडे आला तेव्हा चकरी बाहेर काढून रिव्हॉल्वर रिकामा असल्याची आम्ही दोघांनी खात्री केली. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरला आणि पुढून पाहिलं. निरोगी नळीत रायफलिंगच्या खाचा लखलखत, एकाच वळणाने शेवटपर्यंत जातात. इथे मध्याच्या जरा अलीकडे त्या खाचांना आडवं छेदून एक काळपट कडं दिसत होतं. बाहेरून डोळ्यांना काही कळत नव्हतं, पण अंगठा आणि तर्जनीत नळी धरून हळूच सरकवली की त्याच जागी उंचवटा लागायचा. नळी आतून फुगली होती. अशी नळी परत सरळ होत नाही, ती बदलावीच लागते.

झालं असं असणार: तिसऱ्या काडतुसात दारू नव्हती, किंवा होती ती पेटली नाही. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी स्फोटक टोपी असते, तिच्या एकटीच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटली आणि अर्ध्या वाटेत नळीत अडकली. आमच्याकडे याला फुसका बार म्हणतात. फुसका बार स्वतः काही मोडत नाही. मोडतो त्याच्यामागून येणारा चांगला बार. भरधाव आलेली दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, त्या एका जागी दाब उसळतो आणि पोलाद बाहेर ताणलं जातं. पोलाद चांगलं असेल तर नळी फुगते, कमकुवत असेल तर फाटते आणि तुकडे हाताकडे किंवा डोळ्याकडे येतात.

या दाबाचा अंदाज आपल्या प्राधिकरणाला चांगला येईल, कारण प्रेशर कुकरच्या प्रश्नात आपण स्वतः लक्ष घातलं आहे. घरचा कुकर चौरस इंचाला साधारण १५ पौंडांच्या दाबावर शिट्टी देतो. .३२ च्या लांब रिव्हॉल्वर काडतुसासाठी अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली कमाल मर्यादा आहे १५,००० पौंड, म्हणजे कुकरच्या हजारपट, आणि हे काडतूस हँडगनच्या जगात सौम्य मानलं जातं. डिसेंबर २०२१ मध्ये आपण आयएसआय शिक्का नसलेले हेल्मेट, कुकर आणि गॅस सिलिंडर यांच्याबद्दल देशभर सुरक्षा सूचना काढलीत. २०२२ मध्ये निकृष्ट कुकर विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना दंड केलात आणि विकलेला माल परत मागवायला सांगितलात. ते काम मला मनापासून आवडलं. म्हणूनच विचारतो, हजारपट दाबाची वस्तू आपल्या नजरेतून का सुटावी?

आता न्यायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. काडतूस फुसकं निघालं की दर वेळी दोष कारखान्याचा असतो असं मुळीच नाही. माळव्यातली घरं मी पाहतो. दसऱ्याला शस्त्रपूजन होतं. बंदुकीबरोबर काडतुसंही पाटावर मांडतात, त्यांना हळद-कुंकू लावतात, तेलाचं बोट फिरवतात. ते तेल टोपीच्या कडेने आत झिरपलं की टोपी मरते. पूजा जरूर करा, पण काडतुसं पाटावर मांडू नका. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काडतुसं वर्षानुवर्षं तापत राहिली तर दारू खराब होते, कारण तिला स्थिर ठेवणारं द्रव्य उष्णतेने लवकर संपतं. आणि तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. पाऊस सरला की त्यांच्या पितळी पुंगळ्यांना तडे गेलेले आढळत. बरीच वर्षं हा हंगामाचा दोष मानला गेला. १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्याचा उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ओलसर हवेत पितळावर बसतो, आणि साच्यातून ओढताना ज्या पितळात ताण राहिलेला असतो ते त्या जागी चिरतं. आज पागा गेल्या, पण आमच्या शेतघरांत काडतुसांची पेटी आणि युरियाच्या गोण्या एकाच खोलीत असतात. ओल लागलेल्या युरियातून तोच अमोनिया सुटतो. चिरलेली पुंगळी चेंबरमध्ये फुटली तर जळता वायू मागे येतो. परवाना देताना ही एक ओळ कुणी सांगितली असती तर किती हत्यारं वाचली असती!

पण या शेतकऱ्याची काडतुसं जुनी नव्हती. उरलेली मी पाहिली. पितळ स्वच्छ, हिरवा गंज नाही, तडा नाही, टोपीभोवती डाग नाही. त्यामुळे संशय बनावटीकडे जातो. आणि इथून पुढे सगळे रस्ते बंद होतात.

पहिला रस्ता लॉटचा. कारखाना काडतुसं लॉटने बनवतो. एका लॉटमध्ये दारू एकाच मिश्रणाची, टोप्या एकाच भरणीच्या. एखाद्या यंत्रात दारूचा मापटा अडकला आणि काही पुंगळ्या कोऱ्या गेल्या, तर तो दोष त्याच लॉटच्या इतर काडतुसांतही असू शकतो. लॉट नंबर खोक्यावर छापलेला असतो. पण आमच्या शेतकऱ्याने घेतली होती दहाच काडतुसं. दुकानदाराने मोठ्या खोक्यातून मोजून काढली, कागदाच्या पुडीत बांधून दिली. खोकं दुकानात राहिलं आणि मग रद्दीत गेलं. पावतीवर बोअर आहे, नग आहेत, रक्कम आहे, परवाना क्रमांक आहे, लॉट नाही. परवान्याच्या पुस्तिकेत खरेदीची नोंद आहे, तिथेही लॉट नाही. शासनाला एकेका काडतुसाचा हिशेब हवा असतो आणि तो हवाच, कारण काडतूस चुकीच्या हातात जाता कामा नये. पण ज्या नोंदीने खराब काडतूस चांगल्या माणसाच्या हातातून परत काढून घेता येईल, ती एक नोंद या सगळ्या कागदपत्रांत नाही. त्याच खोक्यातली बाकीची काडतुसं आज कुणाच्या कपाटात आहेत, हे कुणीही सांगू शकत नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. एका माणसाचं नुकसान झालं ते झालं, पण इशारा कुणाला द्यायचा हेच कळत नाही.

सैन्यात हे असं नसतं. तिथे प्रत्येक पेटीचा लॉट वहीत असतो. फायरिंगमध्ये अपघात झाला की पहिला हुकूम सुटतो तो त्या लॉटचं फायरिंग थांबवण्याचा. जिथे जिथे तो लॉट असेल तिथे तो बाजूला काढला जातो, आणि दारूगोळ्याचे तज्ज्ञ अधिकारी येऊन तपासणी करतात. आम्ही आर्मरर हत्यार बघायचो, ते दारूगोळा बघायचे, आणि दोन अहवाल एकत्र वाचल्यावर दोष कुणाचा ते ठरायचं.

सैन्याचा दारूगोळा निर्दोष होता असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरणला नव्या एम-७७७ तोफेची चाचणी चालू असताना देशी दारूगोळ्याने तिच्या नळीचं नुकसान झालं. २०२० मध्ये सैन्याचा एक अंतर्गत अहवाल वृत्तपत्रांतून बाहेर आला. त्यात म्हटलं होतं की २०१४ पासून सदोष दारूगोळ्यापायी सुमारे ९६० कोटी रुपयांचं नुकसान झालं आणि तेवढ्या पैशांत शंभर मध्यम तोफा आल्या असत्या. अपघातांत २७ जणांचे जीव गेले, १५९ जखमी झाले. हा दारूगोळा बनवणाऱ्या, त्या वेळच्या आयुध निर्माणी मंडळाने ही जबाबदारी जशीच्या तशी मान्य केली नाही. साठवण, हाताळणी, तोफेची देखभाल हीसुद्धा कारणं असतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आर्मरर म्हणून मला त्यात तथ्य वाटतं. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि आग विझवायला धावलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. त्या दुर्घटनेनंतर महाराष्ट्रातले तीनशे कोटींहून अधिक किमतीचे सुरुंग मुदत संपायच्या आत मोडीत काढावे लागले, असंही तोच अहवाल सांगतो. ते मोडीत काढता आले, कारण कुठले सुरुंग कुठे आहेत हे माहीत होतं.

क्रीडा नेमबाजीतही तसंच. कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि स्वप्नील कुसळे यांनी ज्या जगात पदकं मिळवली, त्या जगात नेमबाज आपल्या हत्याराशी जुळणारा लॉट आधी चाचणी घेऊन निवडतात आणि त्याच लॉटची काडतुसं साठवून ठेवतात. आमच्यापासून जवळच महूला लष्कराचं नेमबाजी केंद्र आहे, तिथल्या कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. लॉटला किंमत नाही ती फक्त आमच्या तहसिलीतल्या दुकानाच्या काउंटरवर.

दुसरा रस्ता कायद्याचा. तो मी देवासच्या एका वकिलांबरोबर बसून वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूची व्याख्या करताना सगळी जंगम मालमत्ता धरतो. शस्त्रं आणि काडतुसं त्यातून वगळलेली नाहीत. अमेरिकेत ग्राहक सुरक्षा आयोगाला बंदुका आणि काडतुसं यांत हात घालायला कायद्यानेच मनाई आहे, तरी तिथले कारखाने आपणहून लॉट नंबर जाहीर करतात, ही काडतुसं वापरू नका म्हणतात आणि माल परत घेतात. आपल्याकडे उलट आहे: मनाई नाही, पण असा जाहीर इशारा माझ्या पाहण्यात आलेला नाही.

त्याच कायद्यात उत्पादन-दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. बनावटीत दोष असेल तर उत्पादक जबाबदार. उत्पादक कोण तेच कळत नसेल तर जबाबदारी विक्रेत्याकडे वळते. हानीच्या व्याख्येत सदोष वस्तूचं स्वतःचं नुकसान धरलेलं नाही, पण तिच्यामुळे झालेलं दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान धरलं आहे. इथे सदोष वस्तू काडतूस आणि दुसरी मालमत्ता रिव्हॉल्वर. काडतुसाची किंमत किरकोळ, रिव्हॉल्वरची लाखाच्या घरात. कायद्याने दिलेली सवलत नेमकी जिथे हवी तिथे आहे. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तिच्यात फेरफार केले असतील तर विक्रेता सुटतो, हेही योग्यच. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करायची. कायदा चांगला आहे. मला त्यात काही बदलून नको.

अडचण पुराव्याची आहे. साध्या डोळ्यांनी दोष कळत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. काडतुसासाठी योग्य प्रयोगशाळा कुठली? मध्य प्रदेशची न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे, पण तिचं मूळ काम गुन्ह्यांचं. तिथे खुनातल्या पुंगळ्या जातात. ग्राहकाच्या तक्रारीतलं काडतूस तिने घ्यावं असं कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. आणि नमुना तरी कसला द्यायचा? जे काडतूस खराब होतं ते उडून गेलं. उरलेली कदाचित चांगली असतील. त्या लॉटची कारखान्यातली चाचणीची कागदपत्रं हाच खरा पुरावा, आणि लॉट नंबरच नसेल तर ती मागायची तरी कशी?

तिसरा रस्ता दुरुस्तीचा. नळी बदलायला परवाना असलेला कारागीर हवा, जुळणारी नळी हवी, शासनाच्या नोंदीत बदल हवा. रिव्हॉल्वर कानपूरच्या शस्त्र कारखान्यात पाठवायचा म्हटलं आणि परवान्यावर क्षेत्र फक्त मध्य प्रदेश असेल, तर ने-आणीसाठी वेगळी परवानगी लागते. शेती सांभाळून माणूस किती कचेऱ्या फिरेल? अशा वेळी कुणीतरी कानात सांगतं, की धार-बडवानीकडे कारागीर आहेत, आठवड्यात नळी बसवून देतील. तिकडच्या बेकायदा हत्यारांच्या गावाचं, उमर्टीचं नाव पुणे-जळगावच्या पोलिसांना पाठ आहे, तसं ते आमच्याकडच्या लोकांनाही ठाऊक आहे. आमचा शेतकरी त्या वाटेला गेला नाही. पण सरळ वाट इतकी खडतर ठेवून सगळे परवानाधारक तिच्यावरच चालतील अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. तिकडची नळी कुठल्याच दाबाच्या चाचणीतून गेलेली नसते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचं नळ्या तपासणारं घर १८१३ पासून चालू आहे. तिथे आधी वाजवीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून पाहतात, मगच नळीवर ठसा उमटतो. ठसा नसलेल्या नळीत फुसका बार अडकला तर काय होईल ते मला लिहवत नाही.

आता मागणं. पहिलं आणि सगळ्यात स्वस्त: काडतूस सुटं विकलं तरी पावतीवर आणि परवान्याच्या नोंदीत लॉट नंबर लिहिणं बंधनकारक व्हावं. त्यासाठी गृह मंत्रालयाला शस्त्र नियमांत एक रकाना वाढवावा लागेल. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आधीच आहे, प्रत्येक परवानाधारकाला क्रमांक आहे. तिथे हा आकडा भरला की एखाद्या लॉटचे सगळे ग्राहक काही मिनिटांत सापडतील. तोवर आपल्या अधिकारातलं एक काम लगेच होऊ शकतं. ग्राहक संरक्षण कायद्याच्या १८ व्या कलमाने आपल्याला सुरक्षा सूचना काढता येते. दुकानदारांनी सुट्या काडतुसांच्या पुडीवर लॉट लिहून द्यावा, ग्राहकाने मागून घ्यावा, आणि फुसक्या बारानंतर काय करावं, एवढं एका पानावर सर्व राज्यभाषांतून निघावं.

दुसरं, काडतुसाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळांची नावं जाहीर व्हावीत आणि जिल्हा आयोगांना कळवावीत. तिथपर्यंत नमुना पोलिस ठाण्यामार्फत जावा, म्हणजे काडतूस टपालात टाकण्याचा गुन्हा कुणाकडून अजाणता घडणार नाही.

तिसरं मागणं उत्पादकांकडे आहे, पण ते आपल्या तोंडून जावं असं वाटतं. १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात बसते. आता खासगी कारखान्यांनाही परवाने मिळतात. या सर्वांनी नागरी काडतुसांसाठी एक तक्रारखिडकी उघडावी, दोष आढळलेला लॉट जाहीर करावा आणि त्यामुळे बिघडलेल्या हत्याराची तपासणी स्वखर्चाने करावी. परदेशी काडतूस सर्वसामान्य परवानाधारकाला घेता येत नाही. ज्याला निवडीची मुभा नाही, त्याच्या बाबतीत विकणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आपली सूचना निघेपर्यंत वाचणाऱ्यांसाठी चार गोष्टी इथेच लिहून ठेवतो. बार दबका वाटला, धक्का कमी जाणवला, निशाण्यावर खूण दिसली नाही, तर दुसरा चाप ओढू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कारण उशिरा पेटणारं काडतूसही असतं. मग हत्यार पूर्ण रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसला नाही तर गोळी आत आहे. ती लोखंडी सळईने ठोकून काढू नका, आणि दुसऱ्या गोळीने ढकलायचा विचार तर स्वप्नातही आणू नका. परवाना असलेल्या कारागिराकडे न्या. पुंगळ्या, उरलेली काडतुसं, पुडीचा कागद, पावती सगळं जपा, तारीख-वेळ लिहा, फोटो काढा. आणि पुढच्या खरेदीला दुकानदाराला खोकं पुढे करायला लावून लॉट नंबर पावतीमागे स्वतःच्या हाताने उतरवा. तो नाही म्हणणार नाही, आजवर कुणी विचारलं नाही एवढंच.

शेतकऱ्याकडे त्या पुडीतली सहा काडतुसं शिल्लक आहेत. ती त्याने परवान्याच्या नोंदीत ठेवून, वेगळ्या डबीत, कुलपात ठेवली आहेत. नळी फुगलेला रिव्हॉल्वरही त्याच्याकडेच आहे, कारण न्यायचा कुठे हे ठरलेलं नाही. तक्रारीची दोन वर्षांची मुदत चालू झाली आहे. आपल्या कार्यालयाने आम्हाला एका प्रयोगशाळेचं नाव आणि एक पत्र द्यावं. टोंकखुर्द ठाण्यात पंचनामा करून, पोलिसांच्याच हस्ते, काडतुसं आणि रिव्हॉल्वर दोन्ही आम्ही तिथे पोचते करू. तपासणीची फी भरायला तो तयार आहे, आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेला, दोष त्याच्या साठवणीचा निघाला, तरी तो अहवाल छापायला त्याची हरकत नाही, असं त्याने मला सांगितलं आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आर्मरर
टोंकखुर्द, जि. देवास, मध्य प्रदेश